अविवाहित असल्याबाबत

बाबा गेले तेव्हा आम्ही किनवटला, जनावरांच्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीतून समोरच दिसायचा तो दवाखान्याचा खोडा, म्हणजे बैल आत उभा करून बांधायची लोखंडी चौकट. सकाळी मला जाग यायची ती त्या खोड्याच्या आवाजानं. बैल मान हिसडायचा, लोखंड खणखणायचं आणि त्यावर बाबांचा आवाज यायचा, "हो हो, राजा, झालं, झालं." आपल्याशी हा माणूस इतकं मऊ कधी बोलला नाही, असं माय म्हणायची. बाबा तिथं परिचर होते. डॉक्टरसाहेबांनी सुई टोचायची आणि बाबांनी जनावर धरायचं. जंगलातल्या गावांवरून लोक बैल, शेळ्या घेऊन पायी यायचे आणि येताना बाबांसाठी कधी बांबूचे कोवळे कोंब, कधी टेंभुर्णीची फळं आणायचे. माय ते कोंब बारीक चिरून पाण्यात भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी डाळ टाकून त्यांची भाजी करायची. बाबांच्या अंगाला फिनेलचा वास यायचा. आंघोळ करून आले तरी यायचा. आम्हाला तो वास म्हणजे घराचाच वास वाटायचा. अजूनही सरकारी इमारतीत कुणी फरशी पुसत असलं, की मी दोन पावलं हळू चालते.

त्यांना कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग तिथलाच दवाखाना, आणि शेवटी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मायशी बोलायचं टाळायला लागले होते. मी तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेले होते. सिद्धू, माझा धाकटा भाऊ, पाचवीत होता. बाबांचा जलदानविधी झाला त्या दिवशी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब आले, पडवीत बसले आणि माझ्या मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता रडणं पुरं करा. अर्ज टाका. अनुकंपावर घरातल्या एकाला नोकरी मिळते. उशीर करू नका." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मामा चाकूरचा, गवंडीकाम करणारा. त्यानं तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला, हे मला त्याच्या ओठांवरून दिसलं.

घरातला एक म्हणजे कोण, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. माय शाळेची पायरी चढलेली नव्हती. सिद्धू लहान. राहिले मी. डॉक्टरसाहेबांनीच अर्ज लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी ते थांबले आणि चष्मा वर करून मायला म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवा. मुलगी अविवाहित पाहिजे. ऑर्डर हातात येईस्तोवर हिचं लग्न करायचं न्हाई. लग्न झालं की हिचं नाव कटलं." मायनं मान डोलावली. तिला त्या वेळी ते फार सोपं वाटलं असणार. नवरा जाऊन पंधरवडा झालेल्या बाईला पोरीचं लग्न लांबवायला सांगणं म्हणजे काय मोठं मागणं होतं? त्यात सहा-आठ महिन्यांत काम होईल असं सगळेच म्हणत होते.

क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही चाकूरला मामाकडं आलो. मामाचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. भिंत एकच. सकाळी गिरणीवाला इंजिन सुरू करायचा आणि पुक्‌ पुक्‌ असा आवाज दिवसभर आमच्या भिंतीतून, ताटांतून, बोलण्यातून चालायचा. गिरणी बंद झाली की आम्ही सगळे उगाच मोठ्यानं बोलतोय असं लक्षात यायचं. पिठाची भुकटी खिडकीच्या गजांवर, माझ्या पुस्तकांवर, सिद्धूच्या भुवयांवर बसायची. मामी वाईट नव्हती. तिची स्वतःची दोन पोरं, त्यात आम्ही तिघं, आणि चूल एकच. सकाळी मुरमुऱ्यांचं सुशीला, दुपारी भाकरी आणि जवसाची चटणी, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या किंवा येसराची आमटी. माय चुलीपाशी बसली की मामी उठायची आणि मामी बसली की माय भांडी घासायला बाहेर जायची. दोघींनी मिळून एकदाही एका चुलीवर स्वयंपाक केल्याचं मला आठवत नाही. भांडणही नव्हतं. फक्त आमटी वाढताना मामीचा हात सिद्धूच्या ताटावर जरा लवकर वर यायचा, आणि माय ते बघून न बघितल्यासारखं करायची.

शेजारच्या बाया मायला विचारायच्या, "पोरीचं काय झालं वं? त्या कंपाचं?" भूकंप होऊन काही वर्षंच झाली होती. आमच्या भागात 'कंप' म्हटलं की माणसांना एकच गोष्ट आठवायची. समोरची म्हातारी बरेच दिवस असं धरून चालली होती, की बाबा भूकंपात गेले आणि आम्हाला त्याचं काही सरकारकडून मिळायचं आहे. "किनवटला बी हालली होती का जमीन?" तिनं मायला विचारलं होतं. माय म्हणाली, "व्हय मावशे. आमची हालली."

नांदेडला चौकशीला जायचं म्हणजे सकाळच्या गाडीनं निघायचं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. सोबत माय असायची आणि फडक्यात बांधलेली भाकरी. जिल्हा कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर एक बाबू होते. त्यांचा आवाज इतका हळू होता, की मायला प्रत्येक वेळी मला विचारावं लागायचं, काय म्हणले? ते म्हणायचे, यादी पुढं सरकली की कळवू. कधी म्हणायचे, जागाच भरायला बंदी आहे. एकदा म्हणाले, वारसाचा दाखला जुना झाला, नवीन आणा. ते आमच्याशी कधी उद्धट बोलले नाहीत, त्यांनी कधी काही मागितलं नाही. त्यामुळं रागावायलाही कुणी नव्हतं. आम्ही बाहेर येऊन लिंबाखाली भाकरी खायचो. माय म्हणायची, "माणूस बरा हाय." मी म्हणायचे, "हो." मग परतीची गाडी.

आज मी तशाच एका टेबलामागं बसते. नोकरीला पंचवीस वर्षं होत आली. मागच्या महिन्यात एक मुलगी आली, कडेवर मूल, गळ्यात मंगळसूत्र, वडील कालव्यावर चौकीदार होते म्हणाली. मी तिचा अर्ज घेतला. नियम आता बदललाय, लग्न झालेल्या मुलीलाही अर्ज करता येतो. तिला त्याचं काही विशेष नव्हतं आणि असायचं कारणही नाही. ती गेल्यावर मी शिपायाला चहा सांगितला आणि तो तसाच गार झाला. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लिहून काढ एकदा. नुसतं मनात घोळवत बसतेस." म्हणून लिहायला बसले.

उत्तम आमच्या घरी यायला लागला तो मामीमुळं. तिच्या भावाचा मुलगा. किल्लारीजवळच्या नव्या गावठाणात त्यांचं घर होतं आणि तो साखर कारखान्यात फिटर होता. गळीत हंगाम संपला की त्याला मोकळे दिवस असायचे. मग तो जीपनं लातूरला आणि तिथून एसटीनं चाकूरला यायचा, आत्याच्या घरातलं जे जे मोडलंय ते दुरुस्त करायचा. बोलायचा कमी. हातात पाना असला की त्याचं तोंड जरा सैल व्हायचं. पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला ते सायकलच्या चेनबद्दल. मी तेव्हा लातूरला कॉलेज करून टायपिंगच्या क्लासला जात होते, कारण लिपिकाच्या जागेला टायपिंग लागतं असं कुणीतरी सांगितलं होतं. बसस्टँडपर्यंत मामाची जुनी सायकल न्यायची मी. उत्तम म्हणाला, "चेन सैल हाय. रस्त्यात पडली की हात काळे करून क्लासला जाशील." मी म्हणाले, "मग करा की घट्ट." त्यानं केली. एवढंच. पण पुढच्या वेळी तो आला तेव्हा कुणी न सांगता त्यानं सायकलला तेल घातलं होतं.

मामीनंच विषय काढला. दोन्ही घरांत कुणाची ना नव्हती. मायला तर तो फार आवडायचा. ती म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय. पर ऑर्डर आल्याबिगर अक्षता टाकायच्या न्हाईत." उत्तमच्या वडलांनीही ते मान्य केलं. सुनेला सरकारी नोकरी लागणार म्हटल्यावर कोण घाई करेल? साखरपुडासुद्धा केला नाही. न जाणो, कुणी फोटो काढायचा. एक हंगाम गेला. दुसरा गेला. उत्तम हंगाम संपला की यायचा, पत्रे ठोकायचा, नळ बसवायचा, आणि आम्ही दोघं मामाच्या ओसरीत मध्ये भरपूर जागा सोडून बसायचो. लातूरला एकदा आम्ही जोडीनं रस प्यायलो, स्टँडसमोर. पुढं जे झालं त्यावरून वाटतं, की ते कुणीतरी बघितलं होतं.

ते दिवस उन्हाळ्याचे होते. मामाच्या घराचे पुढचे पत्रे वाऱ्यानं उचकटले होते आणि उत्तम शिडी लावून ते बसवत होता. गिरणी चालू होती. दारात एक जीप थांबली आणि तलाठी उतरले, त्यांच्यामागं घामानं भिजलेला, जाडसर, पन्नाशीचा एक माणूस उतरला. तलाठी म्हणाले, "नांदेडच्या ऑफिसातून साहेब आलेत. पोरीच्या नोकरीची चौकशी हाय." मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा चेहरा उजळला. मलाही क्षणभर वाटलं, आलीच ऑर्डर. मामीनं आतून बाज आणून टाकली. साहेब बसले, पाणी प्यायले, पुन्हा मागितलं, आणि मग पिशवीतून एक कागद काढून म्हणाले, "एक निनावी अर्ज आलाय. हिचं लग्न झालंय आणि ते लपवलंय असं लिहिलंय. लातूरला रजिस्टर केलं म्हणतात. मुलगा किल्लारीकडचा, कारखान्यात कामाला."

हातोडीचा आवाज थांबला. गिरणीचा तेवढा चालू राहिला.

अर्ज कुणी केला ते आम्हाला कधीच कळलं नाही. यादीत आमच्या मागं नाव असलेल्या कुणी केला असेल, किंवा ज्याला आमचं काही चांगलं बघवत नव्हतं अशा कुणी. मी पुढं त्याचा विचार सोडून दिला. पण त्या घटकेला मायच्या डोळ्यांत जी भीती मी बघितली, ती बाबांच्या आजारपणातही बघितली नव्हती.

"खोटं हाय साहेब," माय म्हणाली. "आईची आन घेते. पोरगी कोरी हाय. बघा, गळ्यात काय हाय का, हातात काय हाय का."

साहेबांनी खाली बघितलं. त्यांनाही ते नकोसं झालं असावं. "बाई, तसं नको. मला फक्त लिहायचं आहे." त्यांनी मला विचारलं, "नाव?"

"पंचशीला."

"लग्न झालंय?"

"नाही."

"ठरलंय?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आज मला सांगता येणार नाही. तेवढ्यात उत्तम शिडीवरून खाली आला. वर राहून चाललं नसतं, साहेबांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलंच होतं. हात काळे, कपाळावर गंजाची रेघ. साहेब म्हणाले, "हे कोण?"

"भाऊ हाय तिचा," माय म्हणाली. एका दमात म्हणाली. "चुलतभाऊ. माझ्या दिराचा पोरगा. किनवटचा हाय."

मामाचा मुलगा म्हटलं असतं तर साहेबांना शंका आली असती. आमच्याकडं मामाच्या घरात मुली देतात. चुलतभाऊ म्हणजे मात्र सख्ख्यासारखाच. हे सगळं तिनं त्या एका श्वासात कसं जुळवलं, देव जाणे. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या सख्ख्या भाच्याला तिच्या दारात दुसऱ्याचं पोर केलं गेलं आणि ती चहा टाकायला आत वळली. मामा कामावर होता, ते बरं झालं.

साहेब उत्तमला म्हणाले, "काय करता?"

"मिस्त्री आहे साहेब. पत्र्याचं काम करतो."

"बहिणीचं लग्न कुठं लावून दिलं न्हाई ना? खरं सांगा. पुढं माहीत पडलं तर नोकरी जाते आणि केस होते."

उत्तमनं हात पँटीला पुसले. माझ्याकडं बघितलं नाही. "न्हाई साहेब. नोकरी लागू दे, मग चांगलं स्थळ बघू म्हणलं. घाई काय हाय."

"हां," साहेब म्हणाले, "ते बरोबर." आणि लिहायला लागले.

मामीनं आत चहा टाकला होता. तो बाहेर आणून कोण देणार म्हणून ती घुटमळली, तर उत्तम स्वतःच आत गेला, ताटली घेऊन आला आणि आधी साहेबांना, मग तलाठ्यांना, मग जीपच्या ड्रायव्हरला कप दिले. घरातल्या मोठ्या मुलानं द्यावे तसे. साहेब चहा पिता पिता त्याला कारखान्यांबद्दल काही विचारत होते, ऊस कसा आहे वगैरे, आणि तो "मला त्यातलं न्हाई कळत साहेब" म्हणत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. पाठीत गिरणीची धडधड लागत होती. साहेबांनी मला कागद दिला, अविवाहित असल्याबाबत, त्याखाली मी सही केली. जाताना ते मायला म्हणाले, "काळजी करू नका. मी चांगलं लिहून देतो. मलाही पोरी आहेत."

जीप गेल्यावर मायनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड पुसलं. "वाचलो माय," ती म्हणाली, आणि उत्तमच्या पाठीवर हात ठेवला. "कसं पटकन सांभाळून घेतलं रे. लई गुणाचं लेकरू." उत्तम हसल्यासारखा झाला. पुन्हा शिडीवर चढला. राहिलेले सगळे पत्रे त्यानं दिवस मावळायच्या आत बसवले. मायनं त्याच्यासाठी उडदाचं घुटं केलं होतं, वर लसणाची फोडणी, त्याला आवडायचं म्हणून. तो म्हणाला शेवटची गाडी चुकेल. जेवला नाही. माय फडक्यात भाकरी बांधून त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेली.

मला वाटलं तो पुढच्या आठवड्यात येईल. पावसाळा लागला तरी आला नाही. मामीला निरोप आला, की तिच्या भावाला अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेली. ती जाऊन आली. मग एके दिवशी मी टायपिंगच्या क्लासमधून खाली उतरले, तर उत्तम जिन्याशी उभा. वरून पंधरा-वीस मशिनांचा खडखडाट येत होता. आम्ही बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेलो.

"वडलांचं कळलं," मी म्हणाले.

"हाव. जागेवरच हायेत. आईच्यानं उचलवत न्हाईत." तो माझ्याकडं वळला. "पंचशीला, उद्या रजिस्टर करू. इथंच, लातूरला. माझ्या घरी चल. पगार हाय मला, हंगामी असला तरी हाय. तुला न्हाई कमी पडायचं."

"आणि नोकरी?"

"नोकरी," तो म्हणाला, "आली तर आली असती. किती वर्षं झाली?"

मी म्हणाले, "साहेबांनी चांगलं लिहून दिलंय. या वर्षी होईल म्हणतात."

"दर वर्षीच म्हणतात." त्याच्या बोलण्यात चीड नव्हती. चीड असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "मायवर माझा राग न्हाई. तिनं काय करायचं होतं? पर त्या दिवशी चहा देताना माझ्या मनात आलं, आज ह्यांच्यापुढं भाऊ झालो, उद्या आणखी कुणी येईल, पुन्हा भाऊ. असं किती जणांपुढं व्हायचं? आणि घरी बाप पडलाय. आई म्हणते सून आण. मी काय सांगू तिला, तिची सून कुठं हाय?"

मी काय विचार केला ते नीट आठवतं. त्याचा नाही केला. सिद्धूच्या ताटावरून वर येणारा मामीचा हात मला दिसला. माय भांडी घासायला बाहेर जाते तेव्हा तिची वाकलेली पाठ दिसली. मी गेले असते, तर त्या दोघांना त्या घरात कुणाच्या नावावर राहता आलं असतं? यादीतलं माझं नाव एवढंच त्यांचं भाडं होतं. आम्ही कधीतरी आपल्या वाटेला लागू ही आशा होती म्हणून मामा-मामी आम्हाला धरून होते.

"मला न्हाई जमायचं," मी म्हणाले. "तुम्ही करा लग्न."

"रागानं म्हणतेस?"

"न्हाई. दमले मी."

तो म्हणाला, "मी बी." एक हातगाडीवाला बोळात शिरायला लागला, म्हणून बाजूला व्हावं लागलं. तो एका बाजूला झाला, मी दुसऱ्या. गाडी गेल्यावर त्यानं हात वर केला आणि स्टँडकडं चालू लागला.

दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं, उदगीरकडची मुलगी. मामी भावाला बघायला जाते असं सांगून गेली आणि आली. मीच तिला शपथ घातली होती, मायला सांगू नका म्हणून. तिनं ती पाळली. त्या एका गोष्टीसाठी मी मामीच्या आमटीबद्दलचं सगळं विसरायला तयार आहे. माय मात्र अधूनमधून विचारायची, पोरगं येईना झालंय, बापाचं लई अवघड असंल. मी म्हणायचे, हंगाम सुरू आहे.

आणि मग ऑर्डर आली. हंगाम संपायच्या आतच आली. पोस्टमननं दारात नाव पुकारलं तेव्हा माय अंबाडी निवडत होती. गिरणीच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. मी पाकीट फोडून दोनदा वाचलं. कनिष्ठ लिपिक, नांदेड जिल्हा कार्यालय. मला आनंद झाला का? फार दिवस उभं राहिलेल्या माणसाला कुणी बसायला सांगावं, तसं काहीसं झालं. माय मात्र रडली, मामा रडला, समोरची म्हातारी आली आणि तिनं मायच्या तोंडात साखर घातली.

हजर व्हायला मी आणि माय शनिवारी नांदेडला गेलो. तेच टेबल, तेच हळू आवाजाचे बाबू. त्यांनी मला रजिस्टरवर सही करायला लावली, म्हणाले, सोमवारपासून या, राहायची सोय बघा. माय दारातच उभी होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "झालं का?"

"झालं."

"आता कुणी न्हाई ना काढू शकत?"

"न्हाई."

ती कार्यालयाच्या पायरीवर बसली. चपला काढल्या. पायाच्या भेगांवरून बोट फिरवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मग आता करून टाकू लगीन." आम्ही लिंबाखाली भाकरी खाल्ली आणि स्टँडवर आलो. गाडीत बसल्यावर कंडक्टर आला, तर मी पैसे काढायच्या आत मायनं कनवटीतून काढले आणि म्हणाली, "दोन लातूर."

"चाकूरला उतरायचंय की," मी म्हणाले.

"न्हाई. लातूरला जाऊ, तिथून जीपनं किल्लारी. मुक्काम करू त्यांच्याकडं, उद्या सकाळी परत. त्या दिवशी मी त्या लेकराला भाऊ म्हणले, ते माझ्या मनात राहिलंय. त्याच्या मायच्या पाया पडते. म्हणते, बाई, नोकरीपायी जीभ घसरली, आता पोरगी तुमची."

लोहा गेलं. ती बोलतच होती. लग्न कुठं करायचं, मामीला पातळ कोणतं घ्यायचं, उत्तमच्या बापाला मी पगारातून औषध आणून द्यावं. इतकी सलग बोललेली मी तिला बाबा गेल्यापासून ऐकली नव्हती. मी ऐकत राहिले. मला वाटलं, अहमदपूरपर्यंत बोलू दे. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, शेंगावाले खिडकीशी आले, तेव्हा मी म्हणाले, "माय, त्याचं लग्न झालं."

तिला वाटलं मी शेंगांबद्दल काही म्हणाले. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर."

"तुला ठावं होतं?"

"हो."

गाडी पुन्हा चालू लागली. तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"रडले असते," माय म्हणाली.

ती रडली नाही. खिडकीबाहेर तुरीची तोडलेली रानं चालली होती. तिनं विचारलं, "पोरगी कशी हाय?" मी म्हणाले, मी बघितली नाही. ती म्हणाली, "चांगली असंल." चाकूर आलं तसं कंडक्टरनं घंटी मारली. आमचं तिकीट लातूरचं होतं, त्यामुळं त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. मला वाटलं माय उठणार नाही, बसूनच राहील. पण तीच आधी उठली. भाकरीचं रिकामं फडकं झटकून घडी केलं, कमरेला खोचलं आणि माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाली, "ऊठ. उतरायचं हाय. उद्या तुझे कपडे धुवायचेत."